खोकल्यातून रक्ताची गुळणी आली तर: घरापासून इस्पितळापर्यंत काय करायचं

चतुर्थीला आठवडा उरला होता. गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या घरी पहाटे मामांना खोकल्याची उबळ आली आणि न्हाणीत लालभडक, फेसाळ रक्त पडलं. मामींनी त्यांना हाताला धरून आणलं, पलंगावर उताणं निजवलं, तोंडात साखरपाणी घातलं आणि "खोकू नका, दाबून धरा" म्हणत छातीवर हात फिरवत बसल्या. तिन्ही गोष्टी मायेपोटी केलेल्या आणि तिन्ही त्या वेळी घातक. शेजारच्या निवृत्त सिस्टर धावत आल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "जुना टीबी कुठल्या बाजूला होता?" मामींना एक्स-रेवरचा डाग आठवला, उजवीकडे वर. सिस्टरांनी मामांना उजव्या कुशीवर वळवलं, तोंडाजवळ पातेलं धरलं आणि थुंकायला लावलं. इस्पितळात पोचेपर्यंत मामा त्याच कुशीवर होते.

त्या दिवसानंतर मी या दुखण्याबद्दल मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. त्यातलं घरच्या माणसांच्या कामाचं ते इथे लिहितो आहे.

आधी हे कळू द्या: संपतं ते रक्त नव्हे, श्वास

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. नाकापासून फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंतच्या ज्या वाटेने हवा नुसती ये-जा करते, त्या वाटेत मात्र जेमतेम १५० मिलि मावतं, म्हणजे चहाचा एक कप. त्यामुळे फुप्फुसातून जोरात रक्त आल्यावर माणूस बहुधा रक्त कमी पडून जात नाही. श्वासनलिकेत रक्त भरून, गुठळी अडकून गुदमरतो. पुढची प्रत्येक सूचना यावरून ठरते. कापल्या बोटाचं रक्त थांबवायची घाई करतो तशी इथे करायची नाही. इथे चांगलं फुप्फुस कोरडं ठेवायचं असतं.

रक्त इतक्या जोरात का येतं, तेही सांगतो. फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी मिळतं. पहिली वाट हृदयाच्या उजव्या बाजूकडून येते. शरीरातलं सगळं रक्त तिच्यातून जातं, पण दाब अगदी कमी असतो. दुसरी वाट ब्राँकियल धमन्यांची. या थेट महाधमनीतून फुटतात, हृदयाने फेकलेल्या रक्ताचा जेमतेम शंभरावा हिस्सा नेतात, पण दाब मात्र दंडावर मोजतो तेवढा, अख्ख्या शरीराचा. फुप्फुसात वर्षानुवर्षं सूज, जखम, पू असला की या धमन्या जाड होतात, वेड्यावाकड्या वाढतात, पातळ भिंतीच्या नव्या फांद्या फोडतात. जोरदार रक्तस्रावाच्या सुमारे ९० टक्के प्रसंगांत रक्त या धमन्यांतूनच येतं. उपचाराच्या भागात हे पुन्हा लागेल.

पहिली पाच मिनिटं

एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने रुग्णाजवळ बसायचं. घरात एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून हात मोकळे ठेवा. फोनवर "उलटीत रक्त" म्हणू नका. "खोकल्यातून रक्त येतंय, एवढं आलं, श्वास असा आहे" असं सांगा.

बिघडलेली बाजू ठाऊक असेल तर तीच बाजू खाली करून कुशीवर निजवा. आपल्याला उलटं वाटतं. दुखरा भाग वर ठेवायची, तो दाबू नये अशी आपली सवय. पण दुखरी बाजू वर राहिली की रक्त उताराने चांगल्या फुप्फुसात जातं आणि श्वास घ्यायला काहीच उरत नाही. जुना एक्स-रे, डॉक्टरांचा कागद, किंवा रुग्णाचं स्वतःचं सांगणं, "इथे गरम वाटतंय, इथे बुडबुडतंय", यावरून बाजू कळते. हे सांगणं नेहमी अचूक नसतं, पण दुसरं काहीच हाताशी नसेल तर तेवढाच आधार.

बाजू ठाऊक नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर बसवा, किंचित पुढे वाकवा, पाठीला आधार द्या. उताणं निजवू नका. बेशुद्ध होत चालला तर कुशीवर, तोंड जमिनीकडे, म्हणजे रक्त बाहेर वाहील. श्वासच थांबला तर छाती दाबायला सुरुवात करा. १०८ वरचा माणूस फोनवरून सांगत राहतो.

खोकू द्या. रक्त बाहेर पडतंय ते पाहवत नाही, पण आत अडकलेलं त्याहून वाईट. म्हणून खोकल्याचं झोप आणणारं सिरप, झोपेची गोळी, दारू यातलं काही द्यायचं नाही. पाणी, साखरपाणी, पेज, लिंबू, तुळशीचा रस, काही काही नको. गिळताना ठसका लागतो, आणि पुढे घशात नळी घालायची वेळ आली तर भरलेलं पोट धोक्याचं. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्या वेळचा डोस देऊ नका. पाकीट मात्र सोबत घ्या.

रक्त एका भांड्यात जमू द्या. टॉवेलने पुसून टाकलं की "खूप आलं" एवढंच डॉक्टरांना सांगता येतं. स्टीलचा पेला, पातेलं, जे हाताला लागेल ते. फोनवर त्याचा फोटो काढून ठेवला तर आणखी चांगलं. जवळ बसणाऱ्याने नाकातोंडावर मास्क किंवा दुपट्टा बांधावा, खिडक्या उघडाव्यात. टीबी नसेलच असं त्या क्षणी कोण सांगणार? पण मास्क मिळेना म्हणून माणसाला एकटं सोडून धावू नका. अशा वेळी माणूस प्रचंड घाबरतो, आणि भीतीने श्वास आणखी वर चढतो. हात धरून बसणं हाही उपचाराचाच भाग आहे.

दुचाकीवर मध्ये बसवून नेणं टाळा. अँब्युलन्समध्ये ऑक्सिजन असतो, घशातलं रक्त ओढून काढायची सोय असते. ती यायला फारच उशीर होणार असेल तर चारचाकीच्या मागच्या सीटवर त्याच कुशीवर निजवून निघा.

कुठे न्यायचं

गोवा लहान, तरी वाळपई किंवा काणकोणहून बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ, गाठायला तास, कधी त्याहून जास्त लागतो. माझं मत असं: श्वास लागत असेल, ओठ निळे दिसत असतील, रक्त थांबत नसेल, तर श्वासनलिकेत नळी घालू शकणारं जे इस्पितळ सगळ्यांत जवळ तिथे आधी. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, ज्याला आपण अजून आझिलोच म्हणतो. मडगावचं जिल्हा इस्पितळ. फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ. तिथे श्वास सुरक्षित झाला की पुढे बांबोळीला गोमेकॉत. उलट रक्त थांबलं आहे, माणूस नीट बोलतो आहे, तर मधल्या ठिकाणी वेळ न घालवता थेट छातीचे डॉक्टर, सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रिया एका छपराखाली असलेल्या ठिकाणी जाणं शहाणपणाचं. अँब्युलन्समधल्या कर्मचाऱ्याचा यातला अंदाज आपल्यापेक्षा चांगला असतो, त्याच्याशी हुज्जत घालू नये.

निघताना घ्यायच्या वस्तू: जुने एक्स-रे आणि स्कॅन, चालू औषधांची पाकिटं, आधार कार्ड, गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड. आणि रक्त द्यायला तयार असलेला एक धडधाकट नातेवाईक.

हे रक्त छातीतलंच का?

वेळ असेल तेव्हाच हा विचार करायचा. फुप्फुसातलं रक्त खोकल्याबरोबर येतं, लाल असतं, त्यात फेस किंवा बेडका मिसळलेला असतो. पोटातलं उलटीबरोबर येतं, बहुधा काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं, अन्नाचे कण असलेलं. नंतर शौचाला डांबरासारखं काळं होतं. नाकाचा घोळणा मागच्या बाजूने फुटला तर रक्त घशात उतरतं आणि सकाळी थुंकीत दिसतं. हिरड्यांचंही तसंच.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन सुरू झालं की लघवी, घाम, अश्रू, थुंकी नारिंगी-लालसर होते. ते रक्त नव्हे. पण केवळ या भीतीने औषध मधेच सोडलेली माणसं मला ठाऊक आहेत, आणि औषध सोडल्यावर खरं रक्त यायला वेळ लागत नाही.

किती रक्त म्हणजे जास्त, यावर ग्रंथांचं एकमत नाही. २४ तासांत १०० मिलिपासून ६०० मिलिपर्यंत वेगवेगळ्या रेषा आखलेल्या सापडतात. घरच्यांनी आकड्यात अडकू नये. बेडक्यात नुसता धागा दिसला तर एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा. चमचा-दोन चमचे निव्वळ रक्त आलं किंवा पुन्हा पुन्हा येऊ लागलं तर त्याच दिवशी. एका वेळी अर्धा कप, दिवसभरात कपभर, किंवा रक्त थोडंच पण धाप, चक्कर, गार घाम, निळे ओठ, तर त्याच मिनिटाला १०८. आधीच एका फुप्फुसावर जगणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात यायला निरोग्यापेक्षा फार कमी रक्त पुरतं.

"आलं आणि आपोआप थांबलं, उष्णता असेल" म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या गुळणीच्या आधी अनेकदा अशी छोटी येऊन जाते. मामांना गणपतीच्या आधी जे झालं, त्याच्या तीन आठवडे आधी बेडक्यात लाल रेघा दिसल्या होत्या. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

कारणं

आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि तो रास्त आहे. जगातल्या टीबीच्या एकूण रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. चालू टीबी फुप्फुस पोखरतो आणि पोखरताना रक्तवाहिनी उघडी पाडतो. पोकळीच्या भिंतीत धमनीचा फुगा धरतो, तो फुटला तर धार लागते. डेन्मार्कच्या रासमुसेन या डॉक्टरांनी १८६८ मध्ये या फुग्याचं वर्णन केलं, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

पण लोकांना सांगूनही पटत नाही ती गोष्ट जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीची. जंतू मेले, औषधं संपली, वजन भरलं, सगळं खरं. जागा मात्र पूर्वीसारखी होत नाही. तिथे व्रण राहतो, श्वासनलिका ओढल्या जाऊन रुंद आणि ढिल्या होतात. या रुंदावलेल्या नळ्यांत कफ साचतो, पुन्हा पुन्हा पिकतो, आणि त्यांच्याभोवती त्या जास्त दाबाच्या धमन्या वाढत जातात. कधी जुन्या रिकाम्या पोकळीत अॅस्परजिलस नावाची बुरशी शिरते आणि तिचा गोळा होतो. त्याला बुरशीचा चेंडू म्हणायला हरकत नाही. कूस बदलली की स्कॅनमध्ये तो हललेला दिसतो. मामांच्या फुप्फुसात हाच निघाला, औषधं पूर्ण केल्याला बावीस वर्षं झाल्यावर. म्हणून "टीबी परत आला" असं समजून तपासणीविना पुन्हा तीच औषधं सुरू करणं चूक. थुंकीची जनुकीय तपासणी करून जंतू आहेत की नाहीत ते आधी बघावं लागतं. त्यासाठी वापरली जाणारी ट्रूनॅट ही चाचणी आपल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीची आहे आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती मान्य केली, याचा मला अभिमान वाटतो. सिलिका असलेली धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेल्यांना टीबीचा धोका जास्त असतो. खाणीवर, क्रशरवर किंवा दगड फोडण्याच्या कामावर दिवस काढलेल्यांनी डॉक्टरांना ते जरूर सांगावं.

फुप्फुसाचा कर्करोग हे दुसरं मोठं कारण, विशेषतः चाळिशीपुढच्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसात. गालगुंड झाल्यासारखा चेहरा सुजणं, आवाज बसणं, वजन उतरणं सोबत असेल तर स्कॅनला उशीर नको. न्यूमोनिया आणि फुप्फुसातलं गळू यांतूनही रक्त येतं.

हृदयाचं कारण अनेकदा नजरेतून सुटतं. लहानपणी सांधे सुजणारा संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या काहींच्या हृदयाची डाव्या बाजूची झडप अरुंद होते, मागे फुप्फुसात दाब तुंबतो आणि रक्त येतं. तरण्या बाईला गरोदरपणात पहिल्यांदा धाप आणि खोकल्यातून रक्त आलं तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय राहू नये. पायाच्या शिरेतली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली तरी छातीत कळ, धाप आणि थोडं रक्त येतं. तिथे उपचार बरोबर उलटा, रक्त पातळ करण्याचा. तेव्हा घरच्या घरी रक्त थांबवायची गोळी देऊ नये.

पावसाळ्यात आणखी एक. शेतात, चिखलात, तुंबलेल्या पाण्यात अनवाणी काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली, तर लेप्टोस्पायरोसिस समजून त्याच दिवशी तपासा. उंदराच्या लघवीतले जंतू पायाच्या भेगांतून शिरतात. थोड्या रुग्णांत चौथ्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास दोन्ही फुप्फुसांत रक्त पाझरू लागतं आणि काही तासांत श्वास कोंडतो. इथे एक बाजू नसतेच, म्हणून रुग्णाला बसतं ठेवा, ऑक्सिजन द्या. बाहेर पडणारं रक्त थोडंच दिसतं, त्यावर विसंबू नका. पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोन लवकर मिळणं आणि गरज पडेल तर व्हेंटिलेटर, यावर सगळं अवलंबून असतं. जोखमीचं काम करणाऱ्यांसाठी डॉक्सिसायक्लिनची आठवड्याची गोळी असते, पण ती आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारूनच. गरोदर बाई आणि लहान मुलांना नाही.

शरीराने स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटण्याचे काही आजार असतात, त्यात फुप्फुस आणि मूत्रपिंड एकदम बिघडतात. हिमोग्लोबिन भराभर उतरतं, लघवीत रक्त सापडतं. उपचार स्टिरॉइडचा, कधी प्लाझ्मा बदलण्याचा. लहान मुलाला रक्त आलं तर शेंगदाणा, बी, मणी असं काही श्वासात गेलं का, हे आधी आठवून पहा.

इस्पितळात काय होतं

तातडीच्या विभागात पहिलं काम ऑक्सिजन, दोन जाड सुया, रक्तगट आणि जुळणी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा उतारा देतात, वॉरफरिनसाठी व्हिटॅमिन के वगैरे. श्वास आवरत नसेल तर घशातून जाड नळी घालतात, बहुधा ८ नंबरची किंवा मोठी, म्हणजे तिच्यातून दुर्बीण आत जाऊ शकेल. डावीकडून रक्त येत असेल तर नळी आणखी खाली उजव्या फुप्फुसात सरकवून तेवढंच फुप्फुस चालवता येतं. नळी घातली म्हणजे आशा संपली असं नव्हे. नळीवर असलेला माणूस गुदमरत नाही, आणि डॉक्टरांना पुढचं करायला वेळ मिळतो.

ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड हे रक्त थांबवणारं औषध शिरेतून किंवा वाफेतून देतात. थोड्या रक्तस्रावात ते चांगलं काम करतं. मोठ्या धारेत त्याच्या भरवशावर बसून राहायचं नसतं.

मग जागा शोधणं. छातीचा एक्स-रे लगेच होतो, पण खरी वाट दाखवतं ते सीटी अँजिओग्राफी: कुठली धमनी जाड झाली, पोकळी कुठे आहे, गुठळी आहे का. त्यात रंगद्रव्य टोचतात, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेहाच्या गोळ्या, कुठल्याही औषधाची अॅलर्जी आधीच सांगा. ब्राँकोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, रक्त ओढून काढतात, थंड सलाईन किंवा अॅड्रिनॅलिन सोडतात, गरज पडली तर छोट्या फुग्याने रक्ताळलेली नळी बंद करून दुसरी बाजू वाचवतात.

रक्त थांबवण्यासाठी आज सगळ्यांत जास्त आधार असलेला उपचार म्हणजे ब्राँकियल धमनीचं एम्बोलायझेशन. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये पहिल्यांदा त्याबद्दल लिहिलं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी महाधमनीपर्यंत नेतात, तिथून त्या वेड्यावाकड्या वाढलेल्या ब्राँकियल धमनीत शिरतात आणि मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे कण सोडून ती बंद करतात. छाती उघडत नाहीत, बहुतेक वेळा पूर्ण भूलही लागत नाही. बहुसंख्य रुग्णांत रक्त लगेच थांबतं. नंतर दोन-चार दिवस छातीत दुखतं, ताप येतो, घास गिळताना बोचतं, ते उतरतं. एक धोका विरळा पण गंभीर: मज्जारज्जूला जाणारी धमनी कधी कधी याच फांदीतून निघते. म्हणून नंतर पाय हलवायला लावतात. रुग्ण "पाय जड झाले, बधिर वाटतात" म्हणाला तर सकाळची वाट न पाहता सिस्टरना बोलवा.

नातेवाइकांनी विचारायचे प्रश्न मी चारच सांगेन. कुठल्या बाजूने रक्त येतंय? कारण काय दिसतंय? एम्बोलायझेशन इथे आज होईल का, नाही तर कुठे? आणि शस्त्रक्रिया लागली तर उरलेलं फुप्फुस पुरेल का?

शस्त्रक्रियेत फुप्फुसाचा बिघडलेला खण काढून टाकतात. बुरशीचा गोळा एकाच ठिकाणी असेल आणि बाकी फुप्फुस धड असेल तर पुन्हा रक्त न येण्याचा सगळ्यांत पक्का मार्ग तोच. पण धार चालू असताना घाईने केलेल्या शस्त्रक्रियेत जीव जाण्याचा धोका फार मोठा. आधी रक्त थांबवून, माणूस सावरल्यावर, श्वासाची क्षमता मोजून केलेली कितीतरी सुरक्षित. म्हणून डॉक्टर "थांबूया" म्हणाले तर ती चालढकल समजू नका.

खर्चाचं: २०१६ पासूनची दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्यात पाच वर्षांहून जास्त राहणाऱ्यांसाठी आहे, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं आणि त्याहून मोठ्याला चार लाखांचं संरक्षण. कार्डाचं नूतनीकरण झालंय का ते आजच पहा. खाजगी इस्पितळात दाखल होताना ही प्रक्रिया योजनेत बसते का, हे काउंटरवर विचारून घ्या.

घरी आल्यावर

एम्बोलायझेशनने धमनी बंद होते, मूळ आजार राहतोच. पुढच्या काही महिन्यांत किंवा वर्षांत बऱ्याच जणांना पुन्हा रक्त येतं, बुरशीच्या गोळ्यात तर जास्तच. टीबी सापडला असेल तर औषधं पूर्ण मुदतीची, नेहमीच्या टीबीला ६ महिने. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले आहेत; बँक खातं जोडलं आहे का ते आरोग्य केंद्रात पहा. टीबीबद्दल विचारायचं असेल तर १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे, तंबाखू-सिगारेट सोडायला १८००-११-२३५६. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्या. कफ काढायचा व्यायाम रुंदावलेल्या नळ्यांना गरजेचा, पण रक्त येत असलेल्या दिवसांत तो थांबवायचा आणि पुन्हा कधी सुरू करायचा ते विचारून घ्यायचं.

घरात एक कागद लावा. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या शेजारी तो टाचलेला आहे: "आजार उजवीकडे वर. उजव्या कुशीवर निजवा. पाणी नको. १०८." खाली औषधांची नावं आणि रक्तगट. मामांना चौदा महिन्यांनी पुन्हा अर्धी वाटी रक्त आलं तेव्हा घरात मामी आणि आठवीतला नातू एवढेच होते. नातवाने कागद वाचला, मामींनी त्यांना वळवलं, आणि अँब्युलन्स येईपर्यंत दोघं पातेलं धरून बसले. त्या खेपेला डॉक्टरांनी एम्बोलायझेशननंतर दीड महिन्याची तारीख देऊन शस्त्रक्रिया केली. आता ते सकाळी देवळापर्यंत चालत जाऊन येतात, चढावर एकदा थांबतात.